दोन्ही ग्रुप

किराडपुऱ्यातल्या गल्लीत सगीराला अजूनही बायका ‘डॉक्टर-इंजिनेर’ म्हणतात. ती ब्लाउज शिवते. पूर्वी त्यात टोमणा होता, आता नुसती सवय उरली आहे.

नाव पडलं ते बारावीत. सायन्सच्या मुली बायॉलॉजी घ्यायच्या, नाहीतर गणित. सगीरानं दोन्ही घेतले. तिचे अब्बा, निजामुद्दीन, शहागंजातल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. ते म्हणायचे, “इकडं नाही तर तिकडं, कुठंतरी नंबर लागेल.” दहावीपर्यंत उर्दूत शिकलेली पोरगी. फिजिक्सचा एकेक शब्द तिला दोनदा घोकावा लागे, आधी इंग्रजीत आणि मग अर्थासाठी उर्दूत. गणितात मात्र तिला भाषा लागत नसे.

मुळे सर सकाळी सातला गणिताचा जादा तास घेत. “दोन्ही ग्रुप म्हणजे दोन म्हशी,” ते म्हणत. “एकीला पाणी पाजायला गेलीस की दुसरी सुटते. आणि एका विषयात गेलीस, तर सगळ्यातच गेलीस.”

दिवाळीच्या सुट्टीत अब्बा झोपेतच गेले. अम्मी इद्दतीत बसली. विधवेचे ते चार महिने दहा दिवस, उंबऱ्याच्या आत. तोवर घरात शिवणं आणि बाहेरचं सगळं, दोन्ही अम्मीकडंच होतं. नळाचं पाणी, रेशन, घासलेटची रांग, शिवलेले ब्लाउज दुकानात पोचवणं. आता बाहेरचं सगळं सगीराकडं आलं. नळही सातलाच येई.

नियम सांगायला समोरच्या घरात फुप्पी होती, अब्बांची थोरली बहीण कमरुन्निसा. तिच्या खिडकीतून यांचं दार सरळ दिसे.

जानेवारीत सरांनी इंटिग्रेशन सुरू केलं. सगीराचे तास तोवर बुडतच होते. ती घरी काही बोलली नाही, पण एका सकाळी अम्मीनंच खुंटीवरचा बुरखा काढला आणि हंडा उचलला.

“तू जा तासाला. नळ काय, गल्लीच्या तोंडाशी तर आहे.”

तिचा पाय पायरीवर पडतो न पडतो तोच समोरून आवाज आला.

“भाभी! कायकू इतनी जल्दी? माझ्या भावाच्या कबरीची माती तरी सुकू द्या.”

“आपा, पोरीचा तास आहे.”

“तास रोजच असतो. उद्या हिला बघायला आलेल्यांना मी काय सांगू? इद्दतीत आई नळावर भांडत होती म्हणून?”

नळावरच्या बायका वळून बघत होत्या. अम्मीचा पाय मागं आला. बुरखा परत खुंटीवर गेला. सगीरानं वही पिठाच्या डब्यावर ठेवली आणि अम्मीच्या हातातला हंडा घेतला. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं नाही.

त्यानंतर ती सकाळच्या तासाला गेलीच नाही. मैत्रिणीकडून गणितं उतरवून घेतली. पण रांगेत उभं राहून इंटिग्रेशन येत नाही, ते बसून सोडवावं लागतं. मार्चात गणिताच्या पेपरात अर्धी पानं कोरी राहिली. बायॉलॉजीत ती कॉलेजात पहिली आली आणि गणितात नापास झाली. ऑक्टोबरला परत बसायचं ठरलं होतं, पण त्याआधीच फुप्पीनं मागच्या गल्लीतला रिश्ता आणला. अम्मी तोवर पुन्हा नळावर जाऊ लागली होती.

अम्मी जाऊन आता बरीच वर्षं झाली. यंदा फुप्पीचा नवरा वारला. पोरं दोन्ही सौदीला. आठवडाही झाला नसेल, फुप्पीनं सगीराला बोलावून घेतलं. रिक्षा आण म्हणाली, पेन्शनच्या सहीसाठी बँकेत जायचंय.

“फुप्पी, तुम्ही इद्दतीत आहात.”

“मौलानांना विचारलं मी. नडच असली, तर दिवसाउजेडी जाता येतं. रात्र घरात काढली म्हणजे झालं.”

सगीरा तिच्या बुरख्याची बटणं लावत होती. हात थांबले.

“अम्मीच्या वेळी विचारलं होतं?”

“तेव्हा कशाला विचारायचं?” फुप्पी पायानं चप्पल चाचपत होती. “तेव्हा तू होतीस की.”

बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. फुप्पीनं आधारासाठी हात पुढं केला. सगीरानं उरलेलं बटण लावलं. मग तिनं तो हात धरला. पायरी उंच होती.