बावखलातले चार झटके

आमच्या घरात भुताखेतांवर विश्वास ठेवायचं खातं सासूबाईंकडे होतं. माझ्याकडे गॅसचा नंबर लावणं आणि पाहुण्यांना स्टेशनवर सोडणं, एवढंच. त्यात मी खूश होतो. तेव्हा पुढचं वाचून 'हाही त्यातलाच' म्हणू नका... मी अजूनही त्यातला नाही.

साल २००३, एप्रिल. भुईगावात सासऱ्यांच्या वाडीतलं बावखल, म्हणजे बागायतीला पाणी द्यायला पूर्वी खणलेलं तळं. कडेला केळी, पाणी हिरवं, मधोमध तीन पुरुष खोल. सकाळचे साडेदहा.

माझा मेहुणा पास्कू आखातात जहाजांच्या तळाशी काम करणारा डायव्हर. सुट्टीवर येताना त्याने एक वापरलेला रिब्रीदर आणला होता. आपणच सोडलेला श्वास चुन्यासारख्या दाण्यांतून गाळून, त्यात थोडा ऑक्सिजन घालून परत आपल्यालाच देणारं यंत्र. काटकसरीचा कळस, मला लगेच आवडलं. सोबत फुल फेस मास्क – कपाळापासून हनुवटीपर्यंत काच, आत माइक, डोक्यामागे पाच पट्टे.

"साध्या मास्कला नळी दातांत धरावी लागते," पास्कू सांगत होता. "मानूस बेशुद्ध पडला की नळी सुटते, पानी आत. यात तोंड झाकलेलंच. वर बोलता पन येतं."

"आणि हवाच बिघडली तर?"

"तर मास्क काढायचा न् पाठीवरच्या साध्या हवेच्या छोट्या बाटलीची नळी तोंडात घालायची."

"पाण्याखाली? पाच पट्टे सोडून? मग दिसणार काय?"

"भावजी, तुम्ही खुर्चीवर बसा."

माझी बायको सेलिन, म्हणजे त्याची मोठी बहीण, केळीची पानं कापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तुला बेशुद्ध पडायची सोय हवी का शुद्धीवर राहायची, ते आधी ठरव."

यंत्रातले दाणे त्याला दमट वाटले होते, म्हणून दोन दिवस गच्चीवर वाळत घातले होते – सासूबाईंच्या बोंबलांशेजारी. आमच्याकडे पावसाळ्याआधी जे दमट दिसेल ते उन्हात जातं. कुणाला काही वावगं वाटलं नाही. मीच एकदा त्यांवरून हात फिरवून आलो होतो.

पास्कू पाण्यात उतरला. माझ्या हातात दोर, मांडीवर स्पीकरचा डबा. दोराचं टोक त्याच्या पाठीवर, खांद्यांच्या मधे बांधलेलं. चार झटके म्हणजे वर घे. रिब्रीदरचे बुडबुडे येत नाहीत, त्यामुळे वरून बघायला काहीच नाही. आवाज आणि दोर, बस्स.

दहा मिनिटं मजेत गेली. "भावजी, हितं एक चप्पल हाय. तुमची का?" वगैरे. सेलिन चहा आणायला घरात गेली.

तेवढ्यात दोराला चार झटके बसले. सुटे सुटे, मोजून दिल्यासारखे.

"वर घेऊ का?" मी विचारलं.

"नको. बरा हाय." जरा धापा टाकत होता.

"दोर ओढलास ना?"

"नाय."

मी पुन्हा खुर्चीला पाठ टेकली. माणूस स्वतःच्या तोंडाने बरा आहे म्हणतोय, तर दोराचं काय ऐकायचं? मी विचारत राहिलो, तो "बरा हाय" म्हणत राहिला – दर वेळी थोडं उशिरा. मग नुसता भरभर श्वास. मग तोही ऐकू येईना.

सेलिन चहा घेऊन आली आणि पुन्हा चार झटके बसले. या वेळी माझा हात पुढे खेचला गेला. दोघांनी मिळून ओढलं. पास्कू काठाला लागला तो बेशुद्ध. मास्क जागच्या जागी, आत पाण्याचा थेंब नाही. दोन्ही हात डोक्यामागे, बोटं पट्ट्यांखाली पेरांपर्यंत अडकलेली. सेलिनने कोयत्याने पट्टे कापले. पाचेक मिनिटांनी तो ओकला, आमची तोंडं बघितली आणि म्हणाला, "कोन मेलं?"

त्याचा डायव्हर मित्र नंतर फोनवर म्हणाला की ते दाणे वाळवले की मरतात. पास्कू स्वतःचाच खराब श्वास ओढत होता. त्यात डोकं गुंगतं आणि माणूस बरा आहे म्हणत राहतो. नळी असती तर ती थुंकून दुसरी घेतली असती, मास्कने ते होऊ दिलं नाही. आणि नळी असती तर बेशुद्ध पडताच पाणी प्यायला असता, तेही मास्कनेच होऊ दिलं नाही. आता त्याने मास्कलाच एक कॉक बसवून घेतलाय, न काढता छोट्या बाटलीची हवा घेता येते. दाणे सीलबंद डब्यातलेच.

इथवर सगळं कळतं. झटक्यांचं कळत नाही. हात पट्ट्यांत, दोर पाठीवर. पास्कूला काही आठवत नाही. नंतर आम्ही बांबूने तळ ढवळून पाहिला. मूळ नाही, ओंडका नाही. सेलिन म्हणते, रोहू असेल. चारापर्यंत मोजणारा रोहू मी तरी बाजारात पाहिलेला नाही. सासूबाई गल्लीतल्या क्रुसापाशी मेणबत्ती लावून आल्या.

घरात हे सगळे हसत सांगतात, मीही सांगतो. पण ते सांगतात ते दुसरे चार झटके, सेलिनच्या देखतचे. पहिल्या चारांबद्दल मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही, पास्कूजवळही नाही. ते कुणी दिले, मला माहीत नाही. ज्याने कुणी दिले त्याला पुन्हा का द्यावे लागले, ते मात्र माहीत आहे.