थंड पाण्याचे पहिले काही सेकंद

पावणे औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर निळं चित्र आलं की चहा मागवला जायचा. निळं म्हणजे धातूवर ताण कमी, लाल म्हणजे जास्त. गिऱ्हाइकाला निळंच आवडतं. त्या दिवशी काम जवळच्याच एका केमिकल कंपनीचं होतं. तापलेल्या रिअ‍ॅक्टरच्या बाहेरच्या जॅकेटमध्ये, म्हणजे आवरणात, थंड पाणी सोडतात, तिथल्या पाइपाच्या वेल्डिंगला बारीक चीर दिसली होती. रिअ‍ॅक्टर चालवायचा की नाही, एवढंच आम्ही सांगायचं. त्याच रिअ‍ॅक्टरवर माझा नवरा ऑपरेटर आहे.

कॉम्प्युटर असलं गणित वेळेचे तुकडे पाडून सोडवतो. साहेबांनी तुकडा मिनिटाचा घेतला. पण थंड पाणी लागलं की तापलेला धातू पहिल्या काही सेकंदांतच आक्रसतो, खरा ताण तेव्हाच येतो. मिनिटाची उडी मारली की तो क्षण निसटतो आणि चित्र निळं दिसतं. मी तसं बोलले. "सेकंदावर आणलं तर रन संपणार कधी? रिपोर्ट आज द्यायचाय," साहेब म्हणाले. रिअ‍ॅक्टर चालवायला हरकत नाही, असा रिपोर्ट गेला. मी हट्टाने सेकंदाचं गणित लावूनच घरी आले. नवऱ्याला सांगितलं तर तो हसला, "तू टेन्शन फार घेतेस."

सकाळी ऑफिसात येऊन पाहिलं तर वेल्डिंगपाशी लालभडक. नवऱ्याची पहिली शिफ्ट सुरू झाली होती, मोबाइल गेटवर जमा. साहेब म्हणाले, "गेलेला रिपोर्ट आता परत कसा मागायचा?" मी प्रिंट काढली आणि रिक्षाने कंपनीचं गेट गाठलं. वॉचमन तिथल्याच गावचा. त्याने बिचाऱ्याने आत फोन लावून विचारलं.

"ताई, सगलं ओके हाय," तो म्हणाला. "कालच रिपोर्ट आलाय, तुमच्याच हापिसचा."

प्रिंट माझ्या हातातच राहिली. इतकं हतबल मला कधी वाटलं नव्हतं. शिफ्ट सुटेपर्यंत तिथेच उभी राहिले. आत कुठे लोखंड आपटलं तरी जीव खालीवर व्हायचा.

तीनला तो डबा हलवत बाहेर आला. "बघ, झालं का काही?" मला रडूच फुटलं. ही चीर एका दिवसात फाटत नाही, थंड पाणी लागेल तेव्हा तेव्हा थोडी वाढते, हे मी आमचं कोपरखैरणे येईपर्यंत रिक्षात त्याला समजावत होते. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं.

मग म्हणाला, "उद्या पण पहिलीच आहे. लवकर उठव."