पाच मिनिटं पुढचं घड्याळ

पाक लेलाइतका लाजरा पुरुष आमच्या बेटावर दुसरा झाला नाही. एकट्या त्याचीच थट्टा करण्यात आमची उमर गेली. त्याचं खरं नाव सोफ्यान. पण कोकोस बेटांवरच्या आम्हा लोकांत पहिलं लेकरू झालं की माणसाचं स्वतःचं नाव बुडतं. थोरली नोरलेला, म्हणून हा पाक लेला, म्हणजे लेलाचा बाप, आणि त्याची बायको माक लेला, लेलाची आई.

लग्नात इमाम हाजी बक्रींनी "कबूल?" असं विचारलं, तेव्हा ह्याचं उत्तर फक्त ह्याच्या सदऱ्याच्या बटणांना ऐकू गेलं. तीनदा विचारलं. शेवटी सासराच ओरडला, "अरे, माझ्या मुलीला हो म्हणतोयस की नको, तेवढं तरी कळू दे!" रस्त्यानं परकी बाई येताना दिसली की हा नारळांकडे असा बघायचा, जणू मोजायलाच नेमलाय. जेवणावळीत सगळ्यांच्या शेवटी बसायचा आणि उरलेलं माशाचं डोकंशेपूट आपल्याला फार आवडतं असं सांगायचा.

आणि ह्याच माणसाचा आवाज अजानला लागला की उथळ पाण्यातल्या होड्यांवरची माणसं वल्ही थांबवायची. बोलायला डास, अजानला समुद्र. म्हणून तरुणपणीच तो मुअज्जिन झाला. हाजी बक्री शुक्रवारी सांगायचे, "हया, म्हणजे अल्लाची लाज, ही इमानाची फांदी. रोज पाणी घाला, नाहीतर वाळते." त्यावर बायका पोरांना म्हणायच्या, "पाक लेलाकडे बघा, म्हणजे कळेल." मी म्हणायचो, "बघू नका, बिचारा वाळूत शिरेल."

ही गोष्ट पंचाण्णव सालच्या रमजानातली. एकविसावा रोजा होता. दोन दिवस आभाळ काळं होतं आणि सूर्य कुठे बुडतोय ते कुणाला दिसत नव्हतं. सगळं बेट अजानच्या भोंग्यावर अवलंबून. घराघरात घड्याळं होती, पण प्रत्येक घड्याळ आपल्या मर्जीचं, त्यामुळे त्यांना कुणी विचारत नसे.

त्या संध्याकाळी अजान झाली. चारशे माणसांनी खजूर तोंडात टाकला. माझी मावशी, जिला सगळं बेट नेक सुमी, म्हणजे सुमी आजी, म्हणायचं, तिनंही टाकला. ती ऐंशीच्या पुढे होती. छातीत पाणी झालेलं, आणि नर्सबाईनं रोजे धरू नका म्हणून हात जोडलेले. पण म्हातारी हट्टी. "हा शेवटचा रमजान आहे माझा. हा एक तरी मी अल्लाला अखंड देणार. एकही तुकडा पडू देणार नाही," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाक लेला नेहमीसारखा धक्क्यावर आला. तो पल्याडच्या बेटावर विमानतळाचं गवत कापायला जायचा. बोट सुटू नये म्हणून मनगटावरचं घड्याळ तो पाच मिनिटं पुढे ठेवायचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही दोघंतिघं धक्क्यावर उकिडवे बसलो होतो. बोटवाला दोरी सोडता सोडता म्हणाला, "आला बघा पाच मिनिटं पुढचा माणूस! पाक, कयामतलासुद्धा तुम्ही आमच्या आधी पोचाल."

आम्ही हसलो. पाक लेलाही नेहमीसारखा वाळूकडे बघून हसला. मग त्याचं हसू चेहऱ्यावरच थिजलं. त्यानं मनगट वर केलं. घड्याळाकडे बघितलं, मशिदीकडे बघितलं, पुन्हा घड्याळाकडे.

"चढताय ना?" बोटवाल्यानं विचारलं.

"नाही," तो म्हणाला, आणि बोट त्याच्याविना गेली. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

झालं होतं ते असं. आदल्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर मशिदीतलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. पाक लेलानं बॅटरी बदलली आणि काटे लावले ते मनगटावरचं घड्याळ बघून. पाच मिनिटांची गोष्ट त्याच्या डोक्यातच आली नाही. पहाटे पाच मिनिटं आधी तोंड बंद केलं तर रोज्याचं काही बिघडत नाही. पण संध्याकाळी सूर्य बुडायच्या आधी उघडलं की तो दिवस गेला. चुकून झालं तर गुन्हा नाही, पण रोजा पुन्हा धरावा लागतो. चारशे रोजे गेले होते, आणि ते आपल्या एकट्यालाच ठाऊक, असं त्याला वाटत होतं.

घरी जाऊन त्यानं बायकोला सांगितलं. पुढचं सगळं मला माक लेलानंच सांगितलं. ती माझ्यासारखीच, पोटात काही राहत नाही.

"कुणी बघितलं का?" तिनं विचारलं.

"कुणी नाही."

"मग काटे मागे करून या गुपचूप. अल्ला मोठा आहे."

"तो मोठा आहे म्हणून तर घाम फुटलाय."

"अहो, तुम्हाला दुकानात मीठ मागता येत नाही. चारशे लोकांना काय सांगणार?"

मशिदीत जाऊन त्यानं काटे नीट केले आणि तिथून हाजी बक्रींच्या ओट्यावर गेला. हाजी जाळं शिवत होते. हा बसला. हाजींनी हवापाण्याचं विचारलं, ह्यानं हवापाण्याचं सांगितलं आणि उठून आला. दुपारी परत गेला, परत बसला, जाळ्याचं एक भोक स्वतः शिवून दिलं आणि परत आला. माझ्या दारावरून चौथ्यांदा गेला तेव्हा मी हटकलं, "काय पाक, दुसरं लग्न ठरवताय की काय?"

एरवी तो कानापर्यंत लाल झाला असता. आज थांबला. "नेक कशा आहेत?" त्यानं विचारलं.

"सकाळी घेरी आली तिला. नर्सबाई बसून आहे. रोजा सोडायला तयार नाही. म्हणते, नऊच तर उरले."

त्याचा चेहरा असा झाला की माझी थट्टा जिभेवरच राहिली. तेव्हा मला वाटलं, म्हातारीच्या काळजीनं. आता कळतं. सांगावं तर त्या जीर्ण देहावर आणखी एक रोजा चढतो. न सांगावं तर म्हातारी अखंड दिला असं समजून जाणार, आणि तुकडा पडलेला. तोही ह्याच्या हातून.

तिसऱ्यांदा तो हाजींकडे गेला आणि एका दमात सगळं ओकला. हाजींनी सुई खाली ठेवली.

"सांगायला तर हवंच," ते म्हणाले. "उद्या जुम्म्याला मी सांगतो. घड्याळ चुकलं म्हणून. तुझं नाव कशाला? घड्याळाला थोडीच लाज वाटते!"

पाक लेलाच्या खांद्यावरून गोणी उतरली. तो घरी आला, आंघोळ केली, स्वच्छ सारोंग नेसला. माक लेलाला वाटलं, सुटलो. मग तो उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "उद्यापर्यंत नेक नसल्या तर?"

ती येऊन शेजारी बसली.

"आणि मला लाज कुणाची वाटतेय ग? वरच्याची असती तर सकाळीच बोललो असतो. ही लाज तुमचीच सगळ्यांची. हिला मी इतकी वर्षं हया समजत होतो."

त्या संध्याकाळी सगळे खजूर हातात धरून बसले होते. वेळ झाली. भोंगा खरखरला. पण अजान आली नाही. एक बारीक आवाज आला, डासासारखा.

"मी... सोफ्यान बोलतोय."

बेटावर कुणाला क्षणभर कळेना, हा सोफ्यान कोण.

"काल संध्याकाळी मगरिबची अजान पाच मिनिटं आधी झाली. घड्याळ मी लावलं. माझ्या हातावरचं बघून. चूक माझी आहे. कालचा रोजा सगळ्यांना पुन्हा धरावा लागेल. मला..." इथे आवाज गेला. भोंग्यातून नुसता श्वास ऐकू येत होता. तो श्वास अजून माझ्या कानात आहे. "मला माफ करा."

मग अजान. त्या दिवशी ती मध्ये दोनदा फाटली.

माझ्या ओट्यावर कुणी हलेना. मी नेक सुमीकडे बघत होतो. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. मला वाटलं, बसला धक्का.

"म्हणजे," ती म्हणाली, "ईद झाल्यावर आणखी एक?"

"मावशी, तुला माफ आहे, तू आजारी..."

"गप रे! त्याला बोलायला इतकी हिंमत लागली, आणि मी झोपून माफी मागू?" मग हसली, दात नसलेलं. "बघ त्याला. कालची पाच मिनिटं वाचवली, आज दोन उशीर केला. खा आता."

ईदच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या बेटानं तो रोजा धरला. नेक सुमीनंही. दिवसभर नर्सबाई तिच्या नाडीवर आणि आम्ही नर्सबाईच्या चेहऱ्यावर. आभाळ स्वच्छ होतं. सूर्य पाण्यात पूर्ण बुडाला, मग अजान झाली आणि म्हातारीनं खजूर खाल्ला. पुढच्या महिन्यात ती गेली.

एक गोष्ट मी माक लेलालाही सांगितली नाही, म्हणजे किती मोठी असेल बघा. त्या एकविसाव्या रोज्याला माझ्या हाताशी रेडिओ होता आणि त्याच्या वेळेला लावलेलं घड्याळ. अजान झाली तेव्हा मी ते बघितलं होतं. सूर्य बुडायला अजून पाच मिनिटं होती. घसा कोरडा पडला होता, समोर शहाळं फोडलेलं. मुअज्जिन बोलला, आपल्याला काय, असं म्हणून मी प्यालो. चारशे जणांचं चुकून झालं. माझं नाही.

म्हातारीला मातीत ठेवून परतताना मी पाक लेलाला गाठलं. म्हटलं, "त्या दिवशी माझ्याकडे घड्याळ होतं. ते..."

त्यानं मान वर केली नाही. नारळांकडे बघायला लागला, जणू मोजायलाच नेमलाय.

"वारा फार आहे, पाक मंसूर," तो म्हणाला. "मला काही ऐकू आलं नाही. तुम्ही वरच्यालाच सांगा."