मागच्या अंगणातल्या काळ्या पट्ट्या

"तुला निवडता येत नाही, तू नुसती दमतेस..." माझ्या लग्नाच्या वेळी साड्यांच्या सातव्या दुकानातून रिकाम्या हातांनी बाहेर पडताना आई मला असं म्हणाली होती. यंदा मागच्या अंगणासाठी फरशी निवडताना हे वाक्य मला रोज ऐकू येत होतं.

नवीन पनवेलमधलं आमचं रो हाऊस, मागे बारा बाय पंधराची मोकळी जागा. इतकी वर्षं तिथे नुसती उंचसखल माती होती आणि आमचं काही अडत नव्हतं. सप्टेंबरमध्ये आई राहायला आली आणि अडायला लागलं.

आईला पार्किन्सन्स आहे. आमच्या गुळगुळीत टाइल्सवर चालताना हॉलच्या मधोमध तिचे पाय एकदम थांबतात, चिकटल्यासारखे... "चल ना आई" म्हटलं की म्हणते, "मी निघालेय गं केव्हाची, पायच येत नाहीयेत मागून."

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी भाऊ तिला नाशिकला न्यायला येणार, हे ठरलेलं होतं. त्याचं घर सहाव्या मजल्यावर. त्याआधी तिने एकदा तरी उघड्यावर, कुणाचा हात न धरता, मागच्या दारापासून कढीपत्त्याच्या झाडापर्यंत चालावं... मला एवढंच हवं होतं.

एवढ्याशा गोष्टीसाठी मी दसऱ्यापासून दगड बघत होते. शहाबादी उदास वाटली. कोट्याला पॉलिश नको म्हटलं, तर दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चहा बिनपाण्याचा मागितला. नवऱ्याचं एकच पालुपद, "ग्रॅनाइट टाक, पुसायला सोपं." अरे, पुसायला नाही, चालायला हवंय...

शेवटी पिवळसर, खरबरीत तांदूर दगड ठरला. मी घरी तीन तुकडे आणून उन्हात, सावलीत, ओले करून पाहिले. चौथ्यांदा दुकानात गेले तेव्हा मालक शांतपणे म्हणाला, "मॅडम, खाणीतून येतो हा, कारखान्यातून नाही. दोन फरश्या सारख्या निघाल्या तर मलाच दाखवा."

मग कडेचा घोळ. काळ्या कडप्प्याच्या चार इंची पट्ट्या आणल्या. आपट्याहून येणारे आमचे गवंडी काशिनाथदादा म्हणाले, त्या उभ्या लावू, नायतर पावसात माती सगळी फरशीवर येईल. मी म्हटलं, आईचा पाय अडखळेल, आडव्याच बसवा, फरशीच्या पातळीत. त्यात मी एक फुलझाडांचा वाफा रद्द केला, मग निम्म्या पट्ट्या उरल्याच.

गुरुवारी ऑफिसातून घरी आले आणि दारातच थबकले. पूर्ण अंगणभर, दीड-दीड फुटावर, एकेक काळी पट्टी आडवी बसवलेली... पाच आठवडे निवडलेल्या माझ्या शांत पिवळ्या दगडाचं झेब्रा क्रॉसिंग झालं होतं.

"दादा, हे काय केलंत?"

"ताई, माल पुरला नाय. सहा फरश्या टेम्पोतच फुटल्या, म्हनून उरलेल्या पट्ट्या मधी घातल्या. दुकानात नवा लॉट हाय, पन तो हिरवट. तुमाला चालला नसता, मग तुमी परत पंधरा दिवस बघत बसल्या असत्या. आईंना जायचं हाय ना?"

मला भयंकर राग आला. त्यातला निम्मा राग ते खरं बोलले म्हणून होता. आई खिडकीतून बघत होती. म्हणाली, "छान आहे की. फक्त सिग्नल कुठे बसवणार?"

सोमवारी येऊन सगळ्या पट्ट्या काढायच्या, असं मी दादांना बजावलं. "तुटतील," एवढंच म्हणून ते गेले. दोन दिवस मी मागचं दार उघडलं नाही.

रविवारी सकाळी कपडे वाळत घालायला दार उघडलं, तर आई माझ्या मागोमाग आली आणि उंबऱ्याशी थांबली. हात द्यायला मी वळेपर्यंत तिने पहिली पट्टी ओलांडली होती. मग दुसरी, तिसरी... पाय नीट उचलून, एका लयीत, लहान मुलं खेळात रेघा ओलांडतात तशी. झाडाशी पोचली, कढीपत्त्याची डहाळी तोडली आणि मागे वळून म्हणाली, "फोडणीला घाल."

मी हातातला ओला टॉवेल तसाच धरून उभी होते.

आईच्या फिजिओथेरपिस्टला फोन केला. ती म्हणाली, होतं असं काही पेशंट्सच्या बाबतीत, समोर आडवी रेघ दिसली की पाय ओलांडायला उचलला जातो. मग काशिनाथदादांना फोन करून सोमवारी येऊ नका म्हणून सांगितलं. थँक्यू म्हणायचं होतं... ते म्हणाले, "बरा झाला. तुटल्याच असत्या."

तेव्हापासून ती रोज सकाळ-संध्याकाळ अंगणात चालते. मी मात्र हिशोब करत बसते. दगड पाहण्यात माझे पाच आठवडे गेले, आणि तिला चालायला मिळणार तेरा दिवस. भाऊ म्हणाला, नाशिकच्या हॉलमध्ये काळी टेप चिकटवतो. चिकटवेल तो, गुणी आहे. पण तिथे झाड नाही, डोक्यावर ऊन नाही.

शनिवार परवावर आलाय. तिची बॅग तिने स्वतःच भरून ठेवली आहे, आणि ठरलेलं मोडणं तिच्या स्वभावात नाही. लेकीकडे किती दिवस राहायचं, लोक काय म्हणतील, सगळी उत्तरं मला पाठ आहेत. तरी आज ती चालून आली की मी विचारणार आहे...

आई, होळीपर्यंत राहशील?