पिंजऱ्यातली बाळंतीण
लाकडाच्या भुशाचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं. बांद्याला आमचे शेजारचे काका गोव्यातल्या पाळीव प्राण्यांच्या एका दुकानासाठी पांढरे उंदीर पाळायचे. चतुर्थीत एक मादी व्याली आणि आरती-भजनाला येणाऱ्या प्रत्येकाला काका तिची गुलाबी पिल्लं तळहातावर घेऊन दाखवू लागले. बाहेर मृदंग, पिंजऱ्यावर टॉर्च! "काका, तिका काळोखात ठेवा. घाबारली तर पोरांक खायत," मी विनवलं. ते हसले. सकाळी पिंजऱ्यातल्या भुशात नुसतं रक्त होतं. "आवस कसली ही? हडळ आसा!" म्हणत काकांनी त्या आईला मारून टाकलं. तेव्हा त्यांची लेकही माहेरी बाळंत झाली होती. तिच्या खोलीच्या दाराला काकांनी स्वतः टांगलेला जाड पडदा मला अजून दिसतो. त्याच्याजवळ मोठ्याने बोलायलासुद्धा बंदी होती.