हिणवलेल्या कण्या

तुमच्या आईला तिच्याच ताटाची लाज वाटावी, असं कोणी कधी केलंय का?

परवा आईला घेऊन अमरावतीच्या दवाखान्यात मधुमेहाच्या आहारवर्गाला गेले. तिथं ज्वारीच्या गरम कण्यांचं पातेलं उघडलं आणि त्या वाफेनं मला तिवस्याजवळच्या आमच्या गावच्या समाजमंदिरात नेलं.

मी शाळकरी होते. पौष्टिक पाककृतींची स्पर्धा होती. आईनं कण्या रांधून नेल्या होत्या, सोबत ताक आणि जवसाची चटणी. परीक्षक म्हणून शहरातून आलेल्या मॅडमनी चमचाही लावला नाही.

"हे तर जनावरांचं खाणं. मुलांना ताकद नको का?"

"घ्या बाई, आपन ढोरं झालो," शेजारची रुखमाकाकू पुटपुटली. बायका हसल्या. आई मान खाली घालून उभी राहिली. बक्षीस एका गोड पावडरीच्या खिरीला मिळालं, आणि दारात त्याच पावडरीचे डबे विकायला मांडले होते.

शिकलेली बाई खोटं कशाला सांगेल, असं आईला वाटलं. घरात डबे आले, बिस्किटं आली. कण्या बंद झाल्या.

आता मधुमेहानं तिच्या पायांची बोटं बधिर झाली आहेत. वर्गात कण्यांचे फायदे ऐकून ती हळूच म्हणाली, "चांगल्या होत्या, त मंग तवा कावून सोडाले लावल्या?"

मी आहाराची माहिती देणारी सरकारी पत्रकं वाचत वाढले. आहाराचं शिक्षण मला हवंच आहे. पण तुमच्या गावात कोणी ते द्यायला आलं, तर सगळ्यांसमोर उभं राहून आधी विचारा, हा कार्यक्रम कोणाच्या पैशानं चाललाय. उत्तर मिळाल्याशिवाय आईला घरातलं काहीही सोडू देऊ नका.