शुभेच्छांच्या खाली

आवककाका पाकीट फोडण्याआधी दोन्ही बाजूंनी वाचायचे. पत्ता, शिक्का, पाठवणाऱ्याचं अक्षर, डिंक कुठे जास्त लागलाय, सगळं. मग कात्री. आडनाव सावंत, पण भांडुपच्या आमच्या कंपनीत आलेलं प्रत्येक पत्र त्यांच्या आवक रजिस्टरात नोंदलं जायचं, म्हणून आवककाका. कंपनी छोटी. कॉलेजच्या प्रयोगशाळांना काचसामान पुरवते. मी तिथलं ऑफिस सांभाळते, म्हणजे याद्या करते. आज लवकर येऊन हे लिहायला बसले, त्याआधीही मुद्द्यांची यादी केली. त्यातला एक मुद्दा टाळण्यासाठी आत्तापर्यंत दोनदा उठून पाणी पिऊन आले.

त्यांच्या रजिस्टरात शेवटचा रकाना होता, 'पुढे काय केलं'. तो रिकामा असेल तर काका संध्याकाळी चप्पल घालायचे नाहीत. शिपाई किल्ल्या खुळखुळवत दारात उभा राहायचा. "काका, उद्या लिहा ना यार!" काका मान वर न करता म्हणायचे, "पत्र आजचा, उत्तर उद्याचा? मग पत्र लिवणाऱ्यान काय करूचा, वाट बघूची?"

मग टपाल आटलं आणि सगळा पत्रव्यवहार एका ईमेल पत्त्यावर येऊ लागला. त्या वेळी आमच्या गल्लीत इंटरनेट दिवसातून तीनदा जायचं. शेठ मला म्हणाले, "कॉम्प्युटरवर बसवायला एखादा बरा प्रोग्रॅम शोधा." मी चार प्रोग्रॅम घेतले, बारा कसोट्या लिहिल्या, तक्ता केला. काका खुर्ची ओढून मागे बसले. त्यांचे प्रश्न दोनच. "लाइन गेली तर आलेली पत्रं दिसतील?" या एका प्रश्नावर चारातले दोन बाद झाले. दुसरा प्रश्न असा : "आणि न वाचता पत्र कोण हलवणार नाय ना?"

मी तक्त्यावर हात ठेवला. कारण नेमक्या त्याच सोयीसमोर मी दोन चांदण्या काढल्या होत्या.

पहिल्याच आठवड्यात मी चौदा नियम लावले. पाठवणारा पाहून, विषय पाहून मेल आपोआप आपापल्या फोल्डरमध्ये. बिलं इकडे, चौकश्या तिकडे, जाहिराती कचऱ्यात. शेठनी ते पाहिलं आणि काकांच्या देखतच विचारलं, "मग सावंतांना काम काय उरलं?" ठरलं असं, की महिनाभर नियम चालवून बघायचे, तोवर काकांनी पॅकिंगमध्ये बसायचं. काही हरवलं नाही, तर काका कायमचे पॅकिंगमध्ये. निवृत्तीला त्यांची दोन वर्षं उरली होती.

काका फक्त एवढंच म्हणाले, "पॅकिंगात रजिस्टर नाय ना गो?"

"तिथे पेंढा असतो, काका."

तेव्हा हे मला विनोदी वाटलं होतं.

त्या महिन्यात ते जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन माझ्या टेबलाशी यायचे आणि एकेक फोल्डर उघडून वाचत बसायचे. मी वैतागायचे. एका शुक्रवारी म्हटलं, "काका, ते कशाला उघडताय? त्यात नुसत्या दिवाळीच्या शुभेच्छा आहेत."

"मार्चात?"

मी वाकून पाहिलं. झालं होतं असं, की दिवाळीत आम्ही सगळ्या गिऱ्हाइकांना शुभेच्छांचा मेल पाठवला होता. पुढे कुणालाही काही कळवायचं असलं, की ते आमचा तो शेवटचा मेल उघडून त्यालाच उत्तर म्हणून लिहीत होते. ऑर्डर असो, तक्रार असो, विषय तोच. आणि विषयात 'शुभेच्छा' दिसली की मेल वाचलेला समजून बाजूला टाकायचा, हा माझा नववा नियम.

"नवीन पत्र कुठून सुरू करायचं ते लोकांका कळत नाय," काका म्हणाले. "आमच्याकडे पण आमचंच जुनं पाकीट उलटं करून त्यातून ऑर्डर यायची. म्हणून दोन्ही बाजू वाचूच्या."

एकोणीस मेल निघाले. सगळ्यात वरचा वसईच्या एका कॉलेजातल्या मॅडमचा होता : ब्युरेटच्या तोट्या गळताहेत, सोमवारी प्रॅक्टिकल परीक्षा आहे, तिसऱ्यांदा लिहिते आहे.

माझी पुरती वाट लागली होती. काकांना आता फक्त दहा पावलं चालत शेठच्या केबिनमध्ये जायचं होतं, आणि त्यांची खुर्ची त्यांना परत मिळाली असती. मी विचारलं, "शेठना सांगणार?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "आधी त्या बाईंका फोन लाव. मग तुझो नियम दुरुस्त कर. मग तूच सांग शेठना." आणि ते पॅकिंगमध्ये निघून गेले.

पहिलं काम मी लगेच केलं. तोट्या शनिवारी पोचल्या, खोकं काकांनी स्वतः बांधलं. दुसरंही संध्याकाळपर्यंत केलं. तिसरं केलं नाही.

महिना संपल्यावर शेठनी विचारलं, "काही हरवलं?" मी म्हटलं, "नाही." हे खोटं नव्हतं. हरवलं नव्हतंच, सापडलं होतं. काका दारात खोकं घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाकिटाकडे पाहायचे तसं. मग खोकं घेऊन खाली गेले. दोन वर्षं ते तिथेच होते.

निवृत्त होऊन मालवणकडे गावी जाण्याआधी त्यांनी मला घरी बोलावून तोच प्रोग्रॅम आपल्या कॉम्प्युटरवर बसवून घेतला. मी विचारलं, "नियम लावून देऊ?"

"एक पण नको. मी आसंय ना वाचूक."

गेल्या दिवाळीला त्यांच्या शुभेच्छा आल्या. परवा मी तोच मेल उघडला, त्यालाच उत्तर म्हणून लिहायला घेतलं आणि शुभेच्छांच्या खाली सगळं लिहून टाकलं. शेठ काय म्हणाले, मी काय म्हटलं, काय म्हटलं नाही. पाठवलं, आणि दर दहा मिनिटांनी पाहत राहिले.

उत्तर आज सकाळी आलं. तीन ओळी.

"पत्र पोचलं. आवक केली. शेवटचा रकाना कोरा ठेवलाय, तो तुझ्याकडे."

शेठ अकराला येतात. आता पावणेअकरा झालेत. पाणी पिऊन झालंय.